शाळेच्या बातमीत मुलांचे कामही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तालुका पानावर नुकतीच माण तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी आली. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले, हे सगळे नावानिशी होते. मुलांच्या वाट्याला ‘विद्यार्थ्यांनी विविध प्रयोग सादर केले’ एवढे एकच वाक्य आले. ते प्रदर्शन मी पाहिले आहे. या भागात मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले, निवृत्तीनंतरही मुलांच्या प्रकल्पांना मदत करते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्या प्रदर्शनात सातवीच्या मुलींचा एक प्रयोग होता. साहित्य काय, तर एक सरळ काठी, ओळंबा, सुतळी आणि खडे. मैदानात काठी ओळंब्यात उभी केली, तिच्याभोवती सुतळीने वर्तुळ आखले. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला टेकले ती वेळ लिहिली, दुपारी पुन्हा टेकले ती लिहिली आणि दोन्हींचा मध्य काढला. खरी माध्यान्ह तीच. हे सगळे सुरू झाले ते त्यांच्यातल्या एकीच्या शंकेवरून. ती म्हणाली होती, ‘बाई, बारा वाजून गेलं की! सावली अजून कमीच व्हतीया.’

तिचे म्हणणे बरोबर होते. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेली आहेत. माण तालुका त्या रेषेच्या जवळजवळ ८ अंश पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटे धरली, तर आपल्याकडे सूर्य सरासरी ३२ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पण मुली तेवढ्यावर थांबल्या नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांची माध्यान्ह १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास आली होती, जानेवारीच्या अखेरीस ती पावणेएकच्या जवळ गेली. काठी तीच, मैदान तेच, मग वीस-बावीस मिनिटे सरकली कुठे? पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, म्हणून सूर्याचा दिवस बरोबर २४ तासांचा नसतो. हा फरक साठत जातो. बारा-तेरा वर्षांच्या मुली सुतळी आणि खड्यांनी इथवर पोचल्या. माझ्या मते त्या दिवशी तालुक्यातली ती सर्वांत मोठी बातमी होती.

पुण्याचे खगोलविज्ञान केंद्र आयुका, मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अशा संस्था मुलांनी हाताने करून शिकावे यासाठी कितीतरी वर्षे झटत आहेत. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. तिच्यात सहावी आणि नववीची मुले लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक देतात आणि पुढे कृतिसंशोधनाचा प्रकल्प करतात. मग पदकाच्या बातमीत त्या प्रकल्पाचा विषय का नसावा? इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांना पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेचेही तेच. मुलाला १० हजार रुपये मिळाले हे छापून येते, त्या पैशांतून त्याने काय बनवले ते येत नाही. शेजारच्या गावातल्या मुलाने ते वाचले, तर त्यालाही काही सुचेल.

खेळांच्या बातम्यांबद्दल तर मला जास्तच वाटते. माझ्या शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नव्हते, त्यामुळे खो-खोच्या मुलींना तालुक्याला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडेच असे. राज्य अजिंक्यपद स्पर्धेच्या बातमीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे कंसात तिने किती मिनिटे संरक्षण केले आणि किती गडी बाद केले ते असते. त्या एका कंसातून सामना डोळ्यांपुढे उभा राहतो. शालेय स्पर्धेची बातमी मात्र ‘घवघवीत यश’ आणि ‘सर्व स्तरांतून अभिनंदन’ यावर संपते. शेवटची तुकडी आत असताना पाठलाग करणाऱ्या सगळ्यांना हुलकावणी देत एकटीने वेळ काढणारी मुलगी, खांबावर सूर मारून गडी टिपणारी मुलगी, यांचे नावसुद्धा येत नाही. हरलेल्या संघाचा तर उल्लेखही नसतो. कधी कधी त्या दिवशीचा उत्तम खेळ त्याच संघातल्या एखाद्या मुलीने केलेला असतो.

आमच्या तालुक्याला हे विशेष लागू आहे. ललिता बाबर मोही गावच्या. शाळेत त्या खो-खो खेळत, नंतर लांब पल्ल्याच्या धावपटू झाल्या आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी १९८४ च्या पी. टी. उषांनंतर एकाही भारतीय महिलेने गाठली नव्हती. अशी मुलगी आजही एखाद्या वस्तीवरून पळत शाळेत येत असेल. तिची तालुक्यातली वेळ छापली गेली, तर जिल्ह्यातल्या एखाद्या प्रशिक्षकाची नजर तिच्यावर पडेल.

विज्ञान आणि खेळ यांची सांगडही मुले आपण होऊन घालतात. आमच्या खो-खोच्या मुलींनी एकदा सरावाआधी आणि सरावानंतर मनगटावरची नाडी मोजायला सुरुवात केली. पंधरा सेकंद मोजायची आणि चारने गुणायचे. रोज खेळणारीची नाडी न खेळणारीपेक्षा लवकर पूर्ववत होते, असे त्यांना दिसले. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते हा धडा मग फळ्यावर समजावून सांगावा लागला नाही.

आपल्या वार्ताहरांकडे शाळेतून जी प्रेसनोट येते तीच बहुतेकदा जशीच्या तशी लागते, हे मला माहीत आहे. ती लिहिणाऱ्या शिक्षकावर दडपण असते; एखाद्या पदाधिकाऱ्याचे नाव राहिले तर दुसऱ्या दिवशी जाब विचारला जातो. म्हणून ही मागणी वर्तमानपत्राकडूनच यायला हवी. आपण एकदा चौकट टाकून कळवावे की प्रयोगाचा प्रश्न काय होता, मुलांनी काय केले आणि उत्तर काय आले, एवढे असल्याशिवाय विज्ञानाची बातमी घेणार नाही; आणि खेळाच्या बातमीत गुण, वेळ आणि दोन्ही संघांतल्या चांगल्या खेळाडूंची नावे हवीत. पाहुण्यांची नावे खाली एका ओळीत खुशाल द्या. फित कापण्याच्या फोटोऐवजी काठीभोवती बसलेल्या मुलींचा फोटो मागवा.

अशा प्रेसनोटचा एक विज्ञानाचा आणि एक खेळाचा नमुना मी लिहून देईन. तालुक्यातल्या शाळांना तो पोचवायचे कामही मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी करू. या वर्षीच्या शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी आपले उत्तर मिळाले, तर पहिल्या सामन्यापासून नोंदी ठेवता येतील.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, ता. माण, जि. सातारा