शर्यत पॅरिसची, मैदान आमच्या वस्तीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ ऑगस्ट २०२४ ची पॅरिस ऑलिंपिकमधील महिलांची शंभर मीटर शर्यत आमच्या रामबागेतील घरी आम्ही नातीसह मध्यरात्रीनंतर जागून पाहिली होती. पावसाने भिजलेल्या ट्रॅकवर सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने १०.७२ सेकंदांत सुवर्ण मिळवले आणि जेमतेम पावणेदोन-दोन लाख वस्तीच्या त्या बेटाला पहिलेच ऑलिंपिक पदक मिळाले. अमेरिकेची शकॅरी रिचर्डसन १०.८७ सेकंदांसह दुसरी आली. लहानपणी आपण शाळेच्या गणवेशात, अनवाणी धावत होतो, असे ज्युलियनने सांगितले, तेव्हा नात माझ्याकडे वळून पाहू लागली.

माझी नात ज्या मैदानावर धावते, तेथे लग्नाच्या मांडवांचे खड्डे तसेच राहतात, चुन्याच्या रेषा पहिल्याच सरीत धुऊन जातात आणि सुरुवातीला पाय रेटायचे स्टार्टिंग ब्लॉक नसल्यामुळे मुली मागच्या पायाला विटेचा आधार देतात. वीट घसरली की पहिलेच पाऊल चुकते, आणि एवढ्या छोट्या शर्यतीत ते भरून काढता येत नाही. भारताची धावपटू द्युती चंदने २०२१ मध्ये पतियाळात नोंदवलेली ११.१७ सेकंदांची वेळ आणि ज्युलियनची वेळ यांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी, म्हणजे सुमारे चार मीटरांचे अंतर आहे. ते तोडण्याची तयारी दहा-बारा वर्षांच्या वयातच सुरू व्हावी लागते.

म्हणून मांडववाल्यांकडून खड्डे बुजवून घ्यावेत आणि वस्तीतील मैदानांना निदान ब्लॉकच्या दोन जोड्या द्याव्यात, ही संबंधितांना कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक आजी, रामबाग, इंदूर