आंबील आणि उभारी

नागपूर,
१२ मे

प्रिय सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वहिनी गेल्यापासून तुला झोप नाही, अन्नावर वासना नाही, आणि कोणीतरी कोम्बुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या, बाटल्या आणून दिल्या, त्याने मनाला उभारी येते हे खरे का, असे तू विचारले आहेस. मला जेवढे खात्रीने ठाऊक आहे तेवढेच लिहितो.

आंबवलेल्या पेयांचा शरीराला उपयोग होतो, याला आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी दहा आठवडे दही, केफीर (आंबवलेले दूध), कोम्बुचा असे पदार्थ भरपूर घेतले, त्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दर्शवणारी १९ प्रथिने रक्तात कमी झाली. माणसे थोडी होती, तरी निष्कर्ष मला मोलाचा वाटतो.

मनाची गोष्ट मात्र निराळी आहे. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांना असे आढळले की लॅक्टोबॅसिलस नावाचा एक विशिष्ट जिवाणू दिलेले उंदीर ताणाखाली कमी घाबरतात, आणि मेंदूला आतड्यांशी जोडणारी व्हेगस चेता कापली की तो परिणाम दिसेनासा होतो. पुढे तोच जिवाणू निरोगी पुरुषांना देऊन पाहिला, तेव्हा औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा अधिक गुण दिसला नाही. बाटलीवर एवढा भरवसा ठेवू नकोस.

दादा गेले त्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू रोज सकाळी आमच्याकडे आंबील आणत, हे तुला मी कधी सांगितले नव्हते. ज्वारीचे पीठ रात्री ताकात कालवून झाकून ठेवायचे, सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचे, आणि गार झाल्यावर मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालून वर पुन्हा ताक ओतायचे, अशी त्यांची रीत होती. पितळी गडवा पुढे ठेवून त्या उंबऱ्यावर बसत, आणि माझा पेला रिकामा होईपर्यंत उठत नसत. बोलणे फारसे होत नसे. त्या आंबिलीने पोट थंड झाले हे नक्की. पण मी सावरलो तो पेल्यातल्या जिवाणूंमुळे की उंबऱ्यावरच्या काकूंमुळे, याचे उत्तर मला पुढे मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांच्या अभ्यासात सापडले. हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा त्यांनी अनेक दशके घेतला. दारिद्र्य, आजारपण, मोडलेली घरे अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले तरीही धडपणे उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मायेचे, भरवशाचे मोठे माणूस होते.

झोपेसाठी डॉक्टरांना अवश्य दाखव, त्यात हयगय करू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीने मी वर्ध्याला येतो आहे. ज्वारीचे पीठ इथून आणतो; तू शुक्रवारी रात्री ताजे दही तेवढे विरजून ठेव.

तुझा,
मोरेश्वर