तो १८९५ च्या बंडातला शिपाई नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातल्या १८९५ च्या बंडातला अनाम मराठा शिपाई म्हणून जो रंगीत फोटो छापून आला तो आमच्या पेडण्यातल्या जुन्या घराच्या ओसरीवरचा आहे, आणि तो माणूस त्या बंडातला नव्हे. लेख चांगला होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तोच फोटो आता गावातल्या एका मंडळानं उचललाय, १८ जूनला क्रांतिदिनाला त्याचा मोठा फ्लेक्स लागणार असं कानावर आलं, म्हणून हे पत्र.

बंडाची हकीकत खरीच आहे. पोर्तुगीजांनी मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम काढला, तिथला उठाव मोडायला, शिपाई बिथरले, हत्यारं घेऊन सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याकडे गेले, तिथले जमीनदार राणे त्यांना सामील झाले, आणि हे इतकं हाताबाहेर गेलं की पोर्तुगालच्या राजाला सख्खा भाऊ फौज देऊन इकडे पाठवावा लागला. त्यांचे पुढारी दादा राणे यांना शेवटी तिमोरला हद्दपार केलं. एवढं सगळं खरं, फक्त त्यातला कोणी आमच्या ओसरीवर टांगलेला नाही.

गोंधळ झाला तो कोटाच्या निळ्या रंगामुळे. मूळ फोटो ब्लॅक अँड व्हाइट, तो मोठा करून घेतला आणि वर हातानं रंग दिला, तेव्हा अशी कामं सर्रास व्हायची. रंगवणाऱ्यानं खरा कोट बघितला असेल असं मला तरी वाटत नाही, त्याला जो रंग शोभेल वाटला तो त्यानं मारला. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात वाळवी लागून रंगाचा पापुद्रा सुटलाय, तिथं आतला करडा कागद स्वच्छ दिसतो. पण लोकांचा हिशेब सोपा, निळा कोट म्हणजे पोर्तुगीज फौज आणि पोर्तुगीज फौजेतला मराठा म्हणजे बंडवाला, झालं.

छातीवर दोन पदकं आहेत ती मात्र कोणीच नीट बघितली नाहीत. चित्रात ती नुसती पिवळ्या ठिपक्यासारखी रंगवलीत हे मान्य, पण त्यातलं एक घरात आहे! ते आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात होतं, टाकांच्या रांगेत. त्यावर घोड्यावर बसलेला माणूस आहे ना, आजीनं त्याला खंडोबा ठरवला आणि वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहिलं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ते टिकलं, नाहीतर दुसऱ्यासारखं तेही मोडीत गेलं असतं. काकानं दात घासायचा जुना ब्रश घेऊन कडेवरचा थर हलक्या हातानं काढला तर कडेवर ठोकलेली इंग्रजी अक्षरं कुंकवानं भरून लालभडक उठून दिसायला लागली. आधी नंबर, मग नाईक हा हुद्दा, मग आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव, मग १०३ आणि पलटणीचं नाव. पाठीमागे पंचम जॉर्जचं डोकं. आणि घोडेस्वाराच्या बाजूला १९१४ आणि १९१८ हे दोन आकडे तर चष्म्याशिवायही वाचता येतात. म्हणजे हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, तेही चांदीचं. मजूर तुकड्यांना हेच पदक ब्राँझचं मिळायचं, तेव्हा हा लढणारा शिपाई होता.

आता पोर्तुगीज मुलखातला माणूस इंग्रजांच्या पलटणीत कसा, असं एका गृहस्थांनी मला जरा चढ्या आवाजात विचारलं. अहो, किरणपाणीला तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे आरोंदा, सावंतवाडी संस्थान, तिथून पलटणीत जाणारी घरं कितीतरी आणि सोयरीकसंबंध तर दोन्ही तीरांवर. १०३ वी म्हणजे आजच्या मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती, कूटच्या वेढ्यात अडकली, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार जण कैद झाले. पण पदकावर लढाई लिहिलेली नसते, तेव्हा आता कोणी उत्साहात 'कूटचा वीर' असंही छापू नये ही विनंती. एक खोटं काढून दुसरं चिकटवण्यात काय अर्थ आहे.

काहीजण म्हणतात, कशाला उकरता, पोरांना प्रेरणा मिळतेय ना. मला हे पटत नाही. इराकात त्या युद्धाचं मोठं 'बसरा स्मारक' आहे, त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांची फक्त संख्या, पलटणीवार. जे मेले त्यांची तिथं अशी गत. आमचा माणूस जिवंत परत आला, त्याचं नाव चांदीत ठोकलेलं आहे, आणि त्याला आपण इथं 'अनाम' म्हणून हार घालणार? शिवाय १८९५ च्या खऱ्या शिपायांवरही हा अन्यायच, त्यांची नावं पणजीच्या पुराभिलेखागारातल्या पोर्तुगीज कागदांत शोधायला हवीत, त्याऐवजी मिळेल तो चेहरा लावून मोकळं व्हायचं.

ज्यांच्या घरी असा फोटो असेल त्यांनी आधी जुन्या ट्रंका, पेन्शनचे कागद आणि देव्हारा बघावा. पदक सापडलं तर चिंचेनं घासू नका, अक्षरं झिजतात, नुसती कड वाचा.

आपण दुरुस्ती छापावी. नाव मी इथं देत नाही, घरातल्या सगळ्यांना विचारून स्वतंत्र कळवतो. मंडळाचा फ्लेक्स छापून झाला असेल तर नव्याचा खर्च आम्ही घरचे देऊ, तसं त्यांना सांगितलंय.

आपला,
एक वाचक, पेडणे