आबांच्या प्रश्नाचं उत्तर

केंब्रिज, १० जानेवारी

ती. आबांस साष्टांग नमस्कार,

वि. वि. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जंत बघायला इतक्या लांब कशाला? आपल्या गल्लीतल्या पोरांच्या पोटात कमी आहेत का?" सगळे हसले आणि माझं उत्तर राहूनच गेलं.

तर आबा, मी इथे जिच्यावर संशोधन करते ती अळी कुणाच्या पोटात राहत नाही. नाव सी. एलेगन्स. मातीत, कुजक्या फळांवर असते, जिवाणू खाते. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. अंग आरपार दिसतं, त्यामुळे कापाकापी न करता सूक्ष्मदर्शकाखाली तिचं पोट चालताना बघता येतं. घशात दगडी जात्यासारखा एक भाग आहे, तिथे जिवाणू भरडले जातात आणि मग आतड्यात उतरतात. आतडं फक्त २० पेशींचं, आणि त्या वीसही गर्भातल्या एकाच पेशीपासून झालेल्या! सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात याच गावात ही अळी अभ्यासाला घेतली. २००२ला नोबेल मिळालं.

मला वेड लावलंय ते तिच्या शौचाच्या वेळेनं. (हे आजीला जेवताना वाचून दाखवू नका.) खायला मिळत असलं की साधारण दर ४५ ते ५० सेकंदांनी, अगदी नेमानं. हे घड्याळ मेंदूत असेल असं वाटतं ना? ते आतड्याच्याच पेशींत आहे. तिथे कॅल्शियम ठरावीक वेळानं चढतं, उतरतं. शेवटच्या जोराला मज्जातंतू लागतात, पण वेळ आतडंच ठरवतं. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारं एक दार असतं, ते आयटीआर-१ या जनुकावरून बनतं. जनुक बिघडलं की घड्याळ मंदावतं. अशा बिघडलेल्या अळ्या वाढवायच्या आणि स्टॉपवॉच घेऊन बसायचं, हे माझं काम. तीन-साडेतीन दिवसांत पुढची पिढी तयार, म्हणून गुण पोरा-नातवंडांत कसा उतरतो ते आठवड्याभरात दिसतं.

तसली दारं माणसाच्या पेशींतही आहेत. म्हणून काका विचारतात, काकूच्या बद्धकोष्ठावर औषध निघेल का? माझ्या हातून तरी नाही. तिला डॉक्टरकडेच न्या.

गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गर्दीत घुसू नका, कडेला उभे राहा. आणि दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा.

तुमची,
चिऊ