व्यसनाला कोठडी नको, उपचार हवेत

महोदय,

ठाणे-नवी मुंबईत अमली पदार्थांवरील कारवाईत विक्रेत्यांबरोबर व्यसनी मुलांनाही आत टाकणे थांबले पाहिजे. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २७नुसार हेरॉइनच्या नुसत्या सेवनालाही १ वर्षापर्यंत कैद आहे. कोठडीत हेरॉइन मिळणे बंद होते. उलट्या, जुलाब, अंगदुखी सुरू होते. मोठा धोका सुटकेनंतरचा. शरीराची सवय मोडलेली असते, जुनाच डोस घेतला की श्वास मंदावून जीव जातो. देखरेखीखाली रोज जिभेखाली बुप्रेनॉर्फिन हे हेरॉइनची तलफ शमवणारे औषध दिल्यास हा धोका बराच घटतो. मात्र पहिली गोळी नशा उतरून त्रास सुरू झाल्यावरच द्यावी, घाई केल्यास तो बळावतो. स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्याला कलम ६४-अ खटल्यातून सूट देते, हे किती पालकांना ठाऊक आहे? पोर्तुगालने २००१मध्ये स्वतःच्या सेवनासाठीचा १० दिवसांपुरता अमली पदार्थांचा साठा गुन्ह्यातून वगळला. आपणही सेवनाची शिक्षा रद्द करावी; तोवर प्रत्येक पोलीस ठाण्यात कलम ६४-अ चा फलक लावावा.

– व्यसनमुक्ती कार्यकर्ते, ठाणे