बार्करचा खेळ खेळा, पण बार्कर कोण होता तेही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप आरपीजींवर (टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायचे खेळ) लेख आला, बरं वाटलं, निदान आता घरच्यांना दाखवता येईल की आम्ही पोरं शनिवारी रात्रभर फासे घेऊन नक्की काय करत बसतो. पण त्यात 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या खेळाचं तोंडभर कौतुक आणि तो बनवणाऱ्या बार्करबद्दल फक्त 'उर्दूचे विद्वान प्राध्यापक' एवढंच, हे काही पटलं नाही.

एम. ए. आर. बार्कर विद्वान होते यात वादच नाही. अमेरिकेतला माणूस, 1950च्या दशकात भारतात आला, मुसलमान झाला, पुढे मिनेसोटा युनिव्हर्सिटीत उर्दू शिकवली. पण याच माणसाने टोपणनावाने नाझींची बाजू घेणारी कादंबरी लिहिली, 1991 साली ती अमेरिकेतल्या निओ-नाझी संघटनेच्याच प्रकाशनाने छापली, वर होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर त्यांचं नाव. ते वारले 2012 साली आणि खेळ जिथे घडतो त्या त्यांच्या टेकुमेल या काल्पनिक जगाचा वारसा सांभाळणाऱ्या फाउंडेशनने कादंबरी त्यांचीच असं जाहीर कबूल केलं 2022 मध्ये, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी.

हे आमच्या ग्रुपवर टाकलं तर एकजण म्हणाला कलाकार वेगळा कला वेगळी, दुसरा म्हणाला फेकून दे ते खेळाचं पुस्तक. दोघांनीही ते उघडून बघितलेलं नव्हतं.

खेळ भारी आहे हो. 1975 साली टीएसआरने काढला, डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्याच कंपनीने. युरोपातले किल्ले, चिलखती नाइट वगैरे काही नाही, त्याऐवजी घराणी, देवळं, मानपान, कोणाचं कूळ वरचं आणि कोणाचं खालचं. तुम्ही होडीतून जकाल्ला बंदरात उतरलेले परके, काडीची पत नाही, परकीयांच्या वस्तीतून विनापरवाना बाहेर पडलात की थेट सुळावर. आमच्यातल्या एकाने सवयीप्रमाणे पहिल्याच रात्री तलवार उपसली आणि त्याचं कॅरेक्टर अर्ध्या तासात संपलं. आणि वीस बाजूंच्या फाशावर 20 पडला की शत्रूला दुप्पट डॅमेज, ज्यावर सगळी टेबलं ओरडतात ना, तो नियम छापील स्वरूपात पहिल्यांदा आला तो याच खेळात, त्यामुळे बहिष्कार घालणारेही दर शनिवारी बार्करचाच नियम वापरतायत.

मग नाझी विचार खेळात आहे का? सरळसरळ नाही. तिथली माणसं गव्हाळ-सावळ्या रंगाची, गोऱ्यांचं वर्चस्व वगैरे काही नाही. पण गुलामी आणि नरबळी तिथे रोजचेच. याआधी वाचताना मला ते वेगळ्या संस्कृतीचं बारकाईने केलेलं चित्रण वाटायचं, आता तीच पानं वाचताना हात थबकतो. त्याहून खटकतात ते स्सू आणि ह्लूस. हे टेकुमेल या ग्रहाचे मूळ रहिवासी, माणसांनी बाहेरून येऊन त्यांचा ग्रह बळकावला, त्यांना कोपऱ्यात रेटलं, आणि खेळात ते कोण, तर जन्मजात शत्रू, दिसले की मारा. (इतर खेळांतल्या ऑर्क्स या राक्षसांचंही तेच होतं म्हणा, पण ऑर्क्स लिहिणाऱ्याने नाझींसाठी कादंबरी नव्हती लिहिली.)

आम्ही खेळतोय अजून, खेळ चालवणाऱ्या मास्टरने आधी सगळ्यांना बार्करबद्दल सांगितलं, एकजण उठून गेला, त्याला कोणी अडवलं नाही. बाकीच्यांनी स्सूंची बाजू ऐकायची ठरवली, आणि खरं सांगतो, मोहीम जास्त रंगली. आरपीजीत ही सोय आहे, लेखक टेबलावर नसतो, नियम खोडता येतात, पण काय खोडायचं हे कळायला आधी माणूस माहीत पाहिजे ना. पैशाचं म्हणाल तर बार्कर हयात नाहीत, जिवंत माणसाच्या खिशात रॉयल्टी जात असती तर मी विकत घेतला नसता, जुनी कॉपी मागून खेळलो असतो.

तर पुढच्या लेखात निओ-नाझी कादंबरीबद्दल एक वाक्य टाका, आणि तेही खेळाच्या नावाशेजारी, शेवटच्या चौकटीत बारीक अक्षरात नको.

आपला,
एक वाचक, पुणे