उरलेले परकीय चलन जिल्ह्यातच बदलून मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या परभणीसारख्या गावांतूनही आता थायलंड, दुबई, श्रीलंका येथे सहली जातात, कोणी उमराहला जाते, तर कोणी मुलांकडे अमेरिकेत काही महिने राहून येते. जाताना चलन मिळवून द्यायला सहलीचे एजंट तत्पर असतात. परतल्यावर उरलेल्या नोटांचे आणि अडकलेल्या परताव्याचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी व पत्नी थायलंडला गेलो होतो. पत्नीची प्रकृती बिघडल्यामुळे क्राबीचे हॉटेल आम्ही विनाशुल्क मुदतीतच रद्द केले आणि हॉटेलने आम्ही कार्डाने भरलेले १२,००० बात (थायलंडचे चलन) पूर्ण परत केले. तरीही खात्यात सुमारे अठराशे रुपये कमी आले. बरीच विचारपूस केल्यावर उलगडा झाला. पैसे भरताना त्या दिवसाचा दर आणि त्यावर बँकेचे साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावरचे जादा शुल्क, व त्या मार्कअपवरचा १८ टक्के जीएसटी लागला होता. परतावा आला तो जमा झाला त्या दिवशीच्या उतरलेल्या दराने, आणि मार्कअप काही परत मिळाले नाही. यात हॉटेलची चूक नव्हती, पण ही गोष्ट कार्ड देताना बँकेने सांगायला हवी होती. हॉटेलच्या काउंटरवर ‘रुपयांत बिल करू का’ असे विचारतात, तेव्हा नकार देऊन स्थानिक चलनातच पैसे भरावेत, कारण रुपयांतला दर बहुधा महाग पडतो. परतावा ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर येतो, म्हणून फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधी भरून ठेवलेले कार्ड) परतावा जमा होईपर्यंत बंद करू नये. परतावा लांबला तर हॉटेलकडून एआरएन हा कार्ड-व्यवहाराचा २३ अंकी संदर्भ क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून बँकेला माग काढता येतो.

नोटांचा अनुभव याहून त्रासाचा ठरला. उरलेले ४,३०० बात घेऊन मी शहरातल्या बँकेच्या शाखेत गेलो, तर ‘आमच्याकडे हे होत नाही, संभाजीनगरला जा’ एवढेच उत्तर मिळाले. जाऊन येण्यात पूर्ण दिवस जातो, आणि दहा हजारांच्या नोटांसाठी तिकीट, जेवण, रिक्षा असा खर्च कोणाला परवडेल? त्यातच शेजाऱ्यांनी घाबरवले की, परदेशी नोटा घरात ठेवणे गुन्हा आहे. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार परतलेल्या प्रवाशाला २,००० अमेरिकी डॉलरइतक्या किमतीच्या नोटा जवळ ठेवता येतात, नाण्यांना मर्यादाच नाही. त्याहून जास्त शिल्लक परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत चलन विक्रेत्याकडे किंवा बँकेकडे द्यावी लागते. हा साधा नियम माहीत नसल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका वृद्ध दांपत्याने डॉलर कुणा अनोळखी माणसाला कवडीमोल भावाने विकून टाकले, याचे मला फार वाईट वाटते.

मराठवाड्यातल्या प्रवाशाला परतताना मुंबई किंवा हैदराबादच्या विमानतळावर नोटा बदलता येतात, हे खरे. पण तेथील दर कमी असतो आणि रात्री उतरलेल्या थकल्या माणसाला देवगिरी एक्स्प्रेसची वेळ आधी आठवते.

म्हणून बँकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक जिल्ह्यातील किमान एका शाखेत महिन्यातून एखाद्या ठरावीक दिवशी पासपोर्ट पाहून परकीय नोटा स्वीकाराव्यात, त्या दिवसाचा खरेदीदर फलकावर लावावा आणि पावती द्यावी. सहल एजंटांनीही परताव्याचे व चलनाचे नियम मराठीत छापून तिकिटांसोबत द्यावेत. आपल्या वृत्तपत्रातून हे संबंधितांच्या नजरेस आणावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, परभणी